आईचं घरोघरचं हळदीकुंकू

आमच्या घरात पद बाबांचं होतं आणि काम आई करायची. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते. म्हणजे कामगारांशी बोलायचं, त्यांच्या घरच्या अडचणी समजून घ्यायच्या, कुणाचं कुणाशी बिनसलं तर मिटवायचं, अशी ती नोकरी. आणि आमचे बाबा असे, की दारात दूधवाला आला आणि आई मोरीत असली तर ते त्याला 'थांबा' एवढंही न म्हणता नुसते पातेलं धरून उभे राहायचे. कागदावर त्यांचा हात चांगला होता, अर्ज कसा लिहावा हे त्यांच्याकडून शिकावं. पण समोर माणूस आला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ज्याला खरोखर काही सांगायचं असेल तो बाबांच्या ऑफिसात जायचाच नाही. दुपारचा भोंगा झाला की आमच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी यायचा आणि विचारायचा, "वहिनी आहेत का?"

वहिनी असायच्याच. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं त्या कॉलनीत कुणी नव्हतं. कोण कसा आलाय यावर चुलीवर काय चढवायचं ते ठरायचं. चिडून आलेल्याला ती आधी पोह्यांची बशी द्यायची. भरल्या तोंडाने भांडता येत नाही म्हणायची. रडत आलेलीला चहा नाही, ताक. नळावरच्या भांडणावरून वर्षभर अबोला धरलेल्या दोन बायकांना तिने उडदाचे पापड लाटायला एकाच दिवशी बोलावलं, एकीला लाट्या करायला बसवलं आणि दुसरीला लाटायला. "लाटी मागायला तरी तोंड उघडावं लागतं की नाही?" संध्याकाळी त्या दोघी एकमेकींच्या डोक्याला तेल लावत आमच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी हे पाहत वाढले. इतर मुलींना आया भरतकाम शिकवायच्या, स्वयंपाक शिकवायच्या. पाहुणी गेली की माझी आई दार लावायची, पदराने घाम टिपायची आणि विचारायची, "काय गं मंजू, कशाला आली होती ती?"

"मीठ मागायला."

"मीठ मागायला कुणी केस विंचरून येतं?"

मग मी डोकं खाजवायची. ती केस विंचरून आली, म्हणजे तिला आपल्याकडे थोडा वेळ बसायचं होतं. बसायचं होतं, पण निमित्त मिठाचं काढलं, म्हणजे जे सांगायचं ते जड होतं. आणि बाबा घरात आहेत हे दिसल्यावर मीठ घेऊन गेली, म्हणजे गोष्ट तिच्या नवऱ्याची. आई मान हलवायची. "उद्या बाबा गेल्यावर तिच्याकडे वाटीभर आमटी घेऊन जा. काही विचारू नकोस. नुसती बस." मी जायची, बसायची, आणि ती बाई मला, पंधरा वर्षांच्या पोरीला, सगळं सांगायची. घरी येऊन मी ते आईला सांगायची. हे चूक आहे असं मला तेव्हा स्वप्नातही वाटलं नाही. उलट आईने मला मनापासून शाबासकी दिली ती आयुष्यात या एकाच विषयात. गणितात पहिली आले तेव्हा ती 'बरं झालं' म्हणाली होती.

आज लोक या गुणाला मोठमोठी नावं देतात. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा आम्हा सगळ्यांना एका शिबिराला पाठवलं होतं. तिथे टाय घातलेला एक तरुण दोन दिवस सांगत होता की समोरच्याचं मन जाणणं ही फार दुर्मीळ देणगी आहे, ती वाढवली पाहिजे. सगळ्या वहीत उतरवून घेत होत्या. मी एक अक्षर लिहिलं नाही. देणगी आहे हे खरंच आहे, पण सुरीलाही धार असते आणि ती भाजीच चिरेल असं काही कुणी लिहून दिलेलं नसतं.

लता भोईर माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील हरिभाऊ कारखान्यात मशीनवर होते. मूळचे कुळगावचे, घरची थोडी शेती भावाकडे सोपवून अंबरनाथला पूर्वेच्या चाळीत राहायला आलेले. त्या चाळींना सगळे 'लाईन' म्हणायचे. आमच्या कॉलनीतून लाईनमध्ये जायला रुळांवरचा पूल ओलांडावा लागे. माझी निम्मी संध्याकाळ तिकडे जायची, कारण लताच्या घरी आवाज होता. आमच्याकडे सगळं हळू चालायचं; आई हळू बोलायची, बाबा बोलायचेच नाहीत. लताच्या घरी हरिभाऊ आंघोळ करताना मोठ्याने गाणी म्हणायचे, लताची आई तव्यावरून भाकरी उतरवत त्यांना शिव्या द्यायची आणि स्वतःच हसत सुटायची. तांदळाची पांढरी भाकरी आणि तिच्यावर सुक्या जवळ्याची चटणी. आमच्या घरी मासळी शिजत नसे, म्हणून लताची आई मला खाऊ घालून झालं की लिंबाची फोड द्यायची, "हात नीट धू गो बाय, नायतर तुझी आय मना बोलंल." आईला अर्थात मी पहिल्या पायरीवर पाय ठेवतानाच कळायचं. ती काही बोलायची नाही. न बोलणं हे तिचं मोठं भांडवल होतं.

मी अकरावीत असताना कारखान्यात संप झाला. का झाला ते मी इथे सांगत बसत नाही. जे कारण सगळीकडे असायचं तेच. दिवाळीनंतर सुरू झाला आणि संक्रांत जवळ आली तरी मिटला नाही. भोंगा मात्र कंपनी रोज वाजवायची. आत जायला कुणी नाही, तरी सकाळी सातला तो ओरडायचा, आणि गेटसमोर बसलेली माणसं त्याला तोंड भरून शिव्या घालायची. हरिभाऊ संपाच्या कमिटीवर होते. लाईनमधली माणसं त्यांच्या शब्दावर टिकून होती. पुढारी मुंबईहून येऊन भाषण ठोकून जायचा, पण आज कुणाच्या घरी पीठ नाही हे हरिभाऊंना ठाऊक असायचं. त्यांच्या घरातलं गाणं मात्र थांबलं होतं. भाकरी होती, चटणी नव्हती.

बायकांनीही त्यांच्या परीने संप केला होता. दरवर्षी संक्रांतीनंतर कॉलनीतल्या साहेबांच्या बायकांकडे हळदीकुंकू व्हायचं आणि लाईनमधल्या झाडून सगळ्या बायका यायच्या. या वर्षी त्यांनी ठरवलं, कुणी कुणाच्या बंगल्यावर जायचं नाही. आईला हे कळलं तेव्हा ती वाल सोलत होती. क्षणभर तिचा हात थांबला. "शहाण्या आहेत," एवढंच म्हणाली. तिला राग आला नव्हता, कौतुकच वाटलं होतं. समोरच्याची खेळी चांगली असेल तर दाद द्यावी असा तिचा स्वभाव होता.

त्याच आठवड्यात लताने मला ती गोष्ट सांगितली. आम्ही शाळेतून येताना शिवमंदिरामागच्या कट्ट्यावर बसलो होतो. ती बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होती. मी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं हे मी शिकले होते.

"आमचे आण्णा जेवताना रडले काल," ती म्हणाली. "आईला म्हणाले, हे टिकत नाही गं. पुढारी आतून कंपनीशी बोलतोय असं वाटतंय मला. पण मी हे बोललो तर उद्या अर्धी लाईन कामावर जाईल आणि बाकीची उपाशी मरेल. म्हणून गप बसलोय."

"मग?"

"मग काय? रोज गेटवर उभं राहून घसा फोडतात. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतात. मंजू, कुणाला सांगू नकोस हां. आईची शपथ घे."

मी शपथ घेतली. आईचीच घेतली.

ती शपथ दोन दिवस टिकली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की आईने ती माझ्याकडून काढून घेतली. तिने फक्त मला जवळ बसवून तिळाची चिक्की थापायला दिली आणि काही विचारलं नाही, आणि तिच्या त्या न विचारण्यापुढे कॉलनीतले भलेभले टिकत नसत तिथे मी काय टिकणार. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला सांगायचंच होतं. मला वाटलं, ज्या बाईने वर्षभराचा अबोला एका पापडाच्या लाटीवर मोडला ती हेही सोडवेल. ती बाबांना सांगेल, बाबा मोठ्या साहेबांना सांगतील, कुणीतरी हरिभाऊंना मानाने बोलावून बोलणी करेल आणि संप मिटेल. माझा आईवर तेवढा विश्वास होता. सगळ्यांचाच होता.

आईने सगळं ऐकून घेतलं. "बिचारे हरिभाऊ," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य करावं लागतं आणि मान्य करताना संताप होतो. खोटं असतं तर तिला नावं ठेवून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या बायकोने आईला चहाला बोलावलं. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आई परत आली, तिने साडी बदलली आणि म्हणाली, "चल, उल्हासनगरला जाऊन वाण आणू."

तिथल्या बाजारात एक सिंधी दुकानदार होता, त्याच्याकडून दरवर्षी वाण यायचं. आईने दुकानात पाय ठेवताच "साईं, कीअं आहियो?" असं कुशल विचारलं, की तो गल्ल्यावरून उठून स्टूल पुसायचा. सिंधी तिला तेवढंच यायचं, पण ते केव्हा वापरायचं ते यायचं. "भाभी, इस साल प्लास्टिक का नया आयटम आया है, डबा देखो," तो म्हणाला. आईने डबे बाजूला सारले आणि कापडी पिशव्या घेतल्या, लहान, तांबड्या काठाच्या. मग किराण्याच्या दुकानातून तूरडाळ आणि गूळ. घरी बसून आम्ही प्रत्येक पिशवीत डाळ भरली, वर गुळाचा खडा ठेवला. "डबा दिला तर बाहेर फेकतील," आई म्हणाली. "डाळ भीक म्हणून दिली तर तोंडावर फेकतील. वाण म्हणून दिली तर घ्यावीच लागते." लाईनमध्ये त्या दिवसांत डाळ बऱ्याच घरांत दिसत नव्हती. हे तिला कुणी सांगितलं होतं? मीच.

बायका आपल्याकडे येणार नाहीत ना, मग आपण त्यांच्याकडे जायचं. एवढी साधी युक्ती. कॉलनीतल्या कुठल्याच साहेबाच्या बायकोला ती सुचली नसती, कारण पूल ओलांडून लाईनमध्ये जाणं त्यांच्या डोक्यातच येत नसे. आणि सवाष्ण हातात करंडा घेऊन दारात उभी राहिली तर तिला कुंकू न लावून घेता परत पाठवणारी बाई आमच्याकडे तेव्हा जन्माला यायची होती. नवरा संपावर असो नाहीतर फासावर, कुंकवाला नाही म्हणता येत नाही. सहा दिवस आम्ही दोघी दुपारच्या चालत गेलो. आईच्या हातात करंडा आणि गुलाबदाणी, माझ्या हातात वाणाच्या पिशव्या.

पहिल्या दारात बाई अर्धं दार लावून उभी होती. "वहिनी, आमचं ठरलंय यंदा..."

"तुमचं ठरलंय ते बरोबरच आहे," आई म्हणाली. "मी साहेबांची बायको म्हणून नाहीच आले. बाहेरच लावते, आत येत नाही." आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. असं दारात उभं ठेवायचं म्हणजे त्या बाईची पंचाईत. तिनेच चटई टाकली.

आत बसल्यावर आई संपाचं नाव काढायची नाही. मुलांचं विचारायची, सासूच्या गुडघ्याचं विचारायची. प्रत्येकीचं तिला नावानिशी ठाऊक होतं. मग उठता उठता, पदर सारखा करत, हळूच म्हणायची, "हरिभाऊंच्या घरी जाऊन येता ना गं? लक्ष ठेवा जरा. माणूस आतून खचलाय. जेवण जात नाही म्हणे. एवढ्या लोकांचं ओझं एकट्याने वाहायचं... आणि मनात वेगळंच असलं म्हणजे आणखी जड होतं."

"मनात वेगळं म्हणजे?"

"मला काय माहीत बाई. आपण काळजी करायची."

बस. एवढंच. प्रत्येक घरी तेच नाही. काही ठिकाणी तेवढंही नाही, नुसता एक सुस्कारा आणि 'बिचारे हरिभाऊ'. कुठल्या घरी किती टाकायचं, याचं तिचं माप चुकायचं नाही. आई काय पेरतेय ते तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. पुढे केलेली पिशवी माझ्या हातून सुटली, डाळ सांडली, आणि आईने ती वाकून दाणा दाणा गोळा केली, त्या बाईशी हसत. मी तेव्हा तिथून पळून जायला हवं होतं. पुलावरून धावत जाऊन लताला सांगायला हवं होतं. मी उरलेले तीन दिवसही पिशव्या धरून गेले.

लताच्या घरी आम्ही शेवटी गेलो. तोवर लाईनमधलं वारं फिरलं होतं. बायकांनी नवऱ्यांना सांगितलं, नवरे गेटवर एकमेकांच्या कानात बोलले. हरिभाऊंच्या मनात वेगळं आहे. म्हणजे काय आहे? फुटलाय. कंपनीने विकत घेतलाय. नाहीतर साहेबाची बायको त्याच्या नावाने डोळ्यांत पाणी का आणेल? त्या आठवड्यात लताच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं. आई आत गेली, लताच्या आईला हळदकुंकू लावलं, हाताला अत्तर लावलं, आणि तिला जवळ घेतलं. लताची आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "वहिनी, तुमीच आल्या गो. आमचे शेजारी बगत पन नाय." आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लता चुलीपाशी उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

रथसप्तमीपर्यंत संप मोडला. हरिभाऊंच्या शब्दावर टिकलेली माणसं तो शब्दच खोटा ठरल्यावर कशावर टिकणार? पाच-पाच, दहा-दहा करत आत गेली. कुणाला काही मिळालं नाही. कंपनीने सगळ्यांना घेतलं, कमिटीवरच्यांना सोडून. आणि बाकीच्या कमिटीवाल्यांना निदान लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं. हरिभाऊंना कंपनी म्हणाली भडकवणारा आणि लाईन म्हणाली गद्दार. ना घरचा ना घाटाचा. कुणीतरी त्यांच्या दारावर चुन्याने 'विकला' असं लिहिलं. लताच्या आईने ते तीनदा पुसलं, तीनदा पुन्हा लिहिलं गेलं. चौथ्या वेळी ते घर सोडून कुळगावला भावाच्या घरी निघून गेले. लताची अकरावी तिथेच राहिली. डोकं तिचं माझ्याहून चांगलं होतं, हे मी लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

ते गेले त्या दुपारी मी आईसमोर जाऊन उभी राहिले. ती देवाची भांडी घासत होती. मला खूप बोलायचं होतं. "तू हरिभाऊंना बदनाम केलंस" एवढंच बाहेर आलं.

आईने मान वर केली. शांतपणे म्हणाली, "मी कुणाला काय वाईट बोलले? तू होतीस ना बरोबर? एक शब्द सांग."

मी आठवू लागले. सहा दिवस, चाळीसएक घरं. काळजी करा, लक्ष ठेवा, बिचारे. एकही वाईट शब्द नव्हता.

"संप अजून दोन महिने चालला असता तर पोरं मेली असती त्या लाईनमध्ये," ती म्हणाली. "ती जगली. एका घराचं वाईट झालं. मला काय आनंद झाला असेल?" आणि पुन्हा ताम्हनाला चिंच लावू लागली. बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या वर्षी त्यांना बढती मिळाली. बढतीचे पेढे आईने लाईनमध्येही वाटले, आणि लोकांनी घेतले.

आई मागच्या वर्षी गेली. चिखलोलीच्या माझ्या फ्लॅटवर दहा दिवस माणसांची रीघ होती. लाईनमधल्या बायकांच्या मुली, सुना, नातवंडं. प्रत्येकीकडे आईची एक गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. हिचं लग्न तिने जमवलं, हिच्या नवऱ्याची दारू तिने सोडवली. मी ऐकत होते आणि चहा देत होते. सांत्वनाला आलेल्यांचंच सांत्वन मी करत होते. कुणाला काय बोललं की बरं वाटेल ते मला आपोआप सुचत होतं. तीस वर्षं शाळेत मी दुसरं काय केलं? पालक म्हणायचे, मॅडम, तुमच्याशी बोललं की मन हलकं होतं. मन हलकं करून झालं की मी त्यांच्याकडून मला हवी तिथे सही घ्यायची. आईवर मी कितीही चरफडले तरी मी तिचीच मुलगी आहे, आणि याचा मला अभिमान नाही.

त्या दहा दिवसांत लता आली नाही. म्हणून पंधरवडा उलटल्यावर मीच रिक्षा करून कुळगावला गेले. मला सांगून टाकायचं होतं. शपथ कुणी मोडली, तो शब्द लाईनमध्ये कुणी नेला, सगळं. हरिभाऊ आनंदनगरच्या एका कंपनीच्या गेटवर रखवालदार म्हणून राहिले आणि तिथेच म्हातारे होऊन गेले, हे मला उडत उडत कळलं होतं. लतानेही तिथल्याच पॅकिंगमध्ये आयुष्य काढलं. चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत, मधे यांचं बैठं घर. लताने दार उघडलं. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "ये," म्हणाली. केस सगळे पांढरे, पण बघणं तेच, चुलीपाशी उभं राहून बघितलं होतं तसं.

तिची आई खाटेवर होती. दिसत कमी होतं, ऐकू येत होतं. लताने तिच्या कानाशी वाकून माझं नाव सांगितलं तशी म्हातारी उठून बसायची धडपड करू लागली. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"वहिनींची मंजू? तुझी आय गेली ना गो. मना लता बोलली. मी दोन दिस जेवली नाय." "तवा आमचे दारात कुत्रा पन येत नव्हता. सगली लाईन फिरली. एकटी तुझी आय आली, मना पोटाशी धरली. देवमानूस. लताचे बापाला पन तो मरेपरेन मी सांगत व्हती, सगली मानसं तशी नसतात, वहिनी बग. तेच्यावर तो जगला गो."

मी ठरवून आलेलं वाक्य तोंडात घेऊन बसले होते. खाटेच्या पलीकडे लता उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. चाळीस-बेचाळीस वर्षं ठाऊक होतं, आणि तिने आईबापांना त्यातलं एक अक्षर कळू दिलं नव्हतं. आपण विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्याच बापाच्या दारावर चुन्याने लिहिली गेली, हे एकटीने गिळलं होतं. आणि म्हातारीजवळ आता या एका समजुतीखेरीज काही उरलेलं नव्हतं.

मला काय बोलायचं ते लगेच कळलं. मला नेहमीच कळतं.

"काकू," मी तिच्या हातावर हात ठेवला, "आई शेवटपर्यंत तुमची आठवण काढायची. म्हणायची, लताच्या आईसारखी धीराची बाई मी पाहिली नाही." आवाज कुठे थोडा कापायला हवा तिथे कापला. आईने हे वाक्य कधीही म्हटलं नव्हतं. त्या घराचं नावसुद्धा तिने पुढे कधी काढलं नाही.

म्हातारीचा चेहरा उजळला. ती कितीतरी वेळ माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

लता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा थांबवून तिने रिक्षावाल्याला चिखलोली सांगितलं, मी आत बसेपर्यंत थांबली.

"चांगलं बोललीस," ती म्हणाली. "आई आज पोटभर जेवेल." मग जरा वाकून, हळू आवाजात, "आता परत येऊ नको."